आकाशाचा सातबारा

जमिनीला सातबारा असतो. कोणाचे नाव, किती क्षेत्र, कोणते पीक, कोणाचा बोजा, विहिरीत कोणाचा हिस्सा, हे सारे त्यात लिहिलेले असते. त्याच जमिनीवरच्या आकाशाची नोंद मात्र कुठल्याच दप्तरात नसते. आपल्या पूर्वजांनी ती मागितली नाही. वरचे आकाश कोणी मोजेल, त्याला हद्द घालेल, असे त्यांच्या मनात यायचे कारणच नव्हते. सोलापूरला ही हद्द 15 जून 2023 रोजी डोळ्यांनी दिसली. त्या दिवशी कुमठ्याच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी जमीनदोस्त झाली. 38 मेगावॅटच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची ती सुमारे 90 मीटर उंच चिमणी होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा ठरली होती, आणि तिला महापालिकेची बांधकाम परवानगी नव्हती.

या घटनेच्या दोन कहाण्या सोलापुरात आजही सांगितल्या जातात. पहिली अशी : गिरण्या बंद पडल्या, नवे उद्योग येईनात, शिकलेली मुले पुण्याला आणि हैदराबादला निघून गेली. किंगफिशरची मुंबई सेवा काही काळ चालली आणि थांबली. ‘उडान’ योजनेत नाव येऊनही विमान काही आले नाही. एका चिमणीसाठी सगळ्या शहराने किती थांबायचे? सोलापूर विकास मंचाच्या कार्यकर्त्यांनी पूनम गेटसमोर चक्री उपोषण केले ते या भावनेतून. दुसरी कहाणी ऊसउत्पादकाची आहे. अप्पासाहेब काडादींनी उभा केलेला कारखाना हा त्याच्यासाठी मुलीच्या लग्नाचा, विहिरीच्या कर्जाचा, पोरांच्या फीचा आधार. चिमणी गेली की गाळप अडेल आणि ऊस फडात वाळेल, ही त्याची भीती. त्याने मोर्चे काढले. 2017 मध्ये पाडकामाची तयारी होऊनही ते थांबले, ते याच विरोधामुळे.

दोन्ही कहाण्या खऱ्या आहेत. दोन्ही सांगणारी माणसे याच मातीतली आहेत, पुष्कळदा एकाच घरातली. बाप कारखान्याचा सभासद आणि मुलगा विमानाची वाट पाहणारा, अशी घरे या जिल्ह्यात शोधावी लागत नाहीत. म्हणून ‘विकास विरुद्ध शेतकरी’ असे त्या भांडणाचे नाव ठेवणे मला अन्यायाचे वाटते. मूळ प्रश्न वेगळा आहे. 90 मीटरची चिमणी एका रात्रीत उभी राहत नाही. ती हळूहळू वर चढत असताना विमानतळ तिथेच होते, कारखाना तिथेच होता, महापालिका होती, नगररचना विभाग होता. नियोजनाने बोलायचे असते ते त्या वेळी. त्या वेळी जो बोलत नाही आणि बांधून झाल्यावर नोटीस घेऊन येतो, त्याच्या हाती कायदा असला तरी त्याच्या शब्दाला वजन राहत नाही. आणि परवानगीवाचून जो बांधतो, त्याच्या कामामागे हजारोंचे पोट असले तरी त्याची बाजू दुबळी पडते. दोघांच्या चुकीची किंमत मात्र तिसऱ्यानेच मोजली : ज्याचा ऊस उभा होता त्याने, आणि ज्याचे विमान वर्षानुवर्षे आले नाही त्यानेही.

आकाश कोणाचे, हा प्रश्न जगाने आधी विचारून झालेला आहे. जमीन ज्याची त्याचेच वरचे आकाश, अगदी स्वर्गापर्यंत, असे युरोपातील जुने कायदेपंडित मानत. विमाने आली आणि हे तत्त्व मोडले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॉस्बी नावाच्या एका कोंबडीपालकाच्या तीन एकरांहून लहान जागेवरून लष्करी विमाने इतकी खालून जाऊ लागली, की भेदरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मेल्या आणि त्याचा धंदा बुडाला. त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1946 च्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. स्वर्गापर्यंतच्या मालकीला आधुनिक जगात जागा नाही, उंच आकाश हा सर्वांचा रस्ता आहे. पण जमिनीलगतचे जे आकाश नसेल तर ती जमीन वापरताच येणार नाही, ते सरकारने वापरले तर मालकाची जमीनच घेतल्यासारखे आहे आणि त्याची भरपाई द्यावी लागेल. एका सामान्य माणसाच्या मेलेल्या कोंबड्यांनी कायद्याला हा विवेक शिकवला.

आपल्याकडे 1934 च्या विमान कायद्याने विमानतळाभोवतीची बांधकामे आणि झाडे यांवर मर्यादा घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. आता त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने घेतली आहे. धावपट्टीभोवती अदृश्य पृष्ठभाग कल्पिलेले असतात. त्यांतला एक विमानतळाच्या पातळीपासून 45 मीटर उंचीवर, आडव्या छतासारखा, काही किलोमीटरपर्यंत पसरलेला असतो. धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडून तिरपे पृष्ठभाग हळूहळू वर चढत जातात. विमानतळाच्या रंगीत नकाशात कोणत्या भागात किती उंची चालेल ते दाखवलेले असते. मुंबईत विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या भागांतील जुन्या इमारतींत राहणारी कुटुंबे याला ‘फनेल झोन’ म्हणतात. इमारत मोडकळीला आलेली असते, पण उंची वाढवता येत नाही म्हणून विकासक येत नाही, आणि पुनर्विकास वर्षानुवर्षे रखडतो. त्यांच्या सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर कुठेही लिहिलेले नाही की त्यांचे आकाश गेले आहे. सोलापुरात विमाने नियमित होतील तसतसा मजरेवाडी, कुमठे आणि होटगी रस्त्याच्या भोवती हाच प्रश्न येणार आहे. हे उंचीचे नियम प्रवाशांच्या जिवासाठी आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पण ज्या कुटुंबाने हद्दवाढ भागात गुंठा-दोन गुंठे जागा घेऊन आयुष्याची पुंजी ओतली, त्याला तो नकाशा जागा घेण्याआधी, त्याच्या भाषेत, त्याच्या वॉर्डात पाहायला मिळाला पाहिजे.

इथे आपल्या परंपरेतील एक जुना युक्तिवाद आठवतो. विश्वजित् नावाच्या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करायचे असते. यजमान राजा असेल तर तो पृथ्वीही दान देऊ शकेल का, असा प्रश्न जैमिनीच्या मीमांसासूत्रांत, सहाव्या अध्यायात, उपस्थित होतो. उत्तर नकारार्थी आहे : भूमी सर्वांना सारखीच आहे, म्हणून ती कोणा एकाची देण्याची वस्तू नाही. भाष्यकारांनी त्याचा विस्तार केला. राजाचा अधिकार रक्षणाचा आहे, त्याबदल्यात त्याला उत्पन्नाचा वाटा मिळतो, एवढेच. माणसाला स्वतःचा भूखंड देता येतो, पण सर्व प्राण्यांच्या उपभोगासाठी असलेली महाभूमी राजालाही देता येत नाही. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ रचला. त्यांनीही हाच धागा धरून म्हटले की राज्य जिंकले तरी घरे आणि शेते यांची मालकी राजाकडे येत नाही, ती ज्याच्या त्याच्याकडेच राहते. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या काही भागांत न्यायालये या ग्रंथाला प्रमाण मानत. महाराष्ट्राच्या विचारात इतक्या खोलवर रुजलेले हे तत्त्व आहे : शासन जमिनीचे राखणदार आहे.

राखणदाराने राखलेल्या वस्तूचा हिशेब द्यायचा असतो. हैदराबाद रस्त्यावरच्या बोरामणीकडे पाहिले की हा हिशेब आठवतो. होटगी रस्त्याचे विमानतळ शहराला चिकटलेले, वाढायला जागा नसलेले. म्हणून बोरामणी परिसरात नवे, मोठे विमानतळ करायचे ठरले. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीसाठी सुमारे 550 हेक्टर जमीन संपादित झाली. मग सुमारे 33 हेक्टर वनजमिनीपाशी वाट अडली. दशकाहून अधिक काळ गेला. मधल्या काळात होटगी रस्त्यावर नवी टर्मिनल इमारत झाली, 29 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिचे दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झाले, 9 जून 2025 पासून गोव्याला आणि त्याच वर्षी 15 ऑक्टोबरपासून मुंबईला विमान जाऊ लागले. शहराला आनंद झाला आणि तो रास्त होता. पण ज्या शेतकऱ्यांनी ‘मोठ्या विमानतळासाठी’ म्हणून जमीन दिली, त्यांच्या त्यागाचे पुढे काय, हा प्रश्न त्या आनंदात मागे पडला.

जमीन देणाऱ्याचे दुःख केवळ मोबदल्याच्या आकड्यात मावत नाही. सार्वजनिक कारणासाठी जमीन देताना तो एका गोष्टीवर विश्वास ठेवतो : ज्या कामासाठी मागितली, त्या कामासाठीच ती वापरली जाईल. तेच काम झाले नाही आणि पुढे त्याच जमिनीवर दुसऱ्या कोणाची वसाहत किंवा गोदामे उभी राहिली, तर त्याच्या मनात उरते ती फसवणुकीची भावना. 2013 च्या भूसंपादन कायद्याने हे काही प्रमाणात ओळखले. ताबा घेतल्यापासून पाच वर्षे वापराविना पडलेली जमीन मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत जाईल, नाहीतर राज्याच्या भूबँकेत जाईल, असे तो म्हणतो. यातली निवड शासनाच्या हाती आहे. महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना अधिनियमातही काळाचे भान आहे. विकास आराखड्यात आरक्षण पडलेली जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊन ते आरक्षण व्यपगत करून घेऊ शकतो. म्हणजे कायद्यालाही ठाऊक आहे की एखाद्याचा उद्याचा दिवस अनिश्चित काळ अडवून ठेवणे हा अन्याय आहे. मग संपादन होऊनही रिकाम्या राहिलेल्या जमिनीबाबत हे भान का नसावे?

बोरामणीच्या माळाला आणखी एक वारसदार आहे. तो हरकत नोंदवू शकत नाही. सोलापूर जिल्हा हा माळढोकाचा प्रदेश. नान्नजच्या आसपास हा पक्षी टिकून होता म्हणून 1979 मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले, आणि त्याचे क्षेत्र ठरले सुमारे 8,496 चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील गावे, शेते, बाजारपेठा, सगळे त्या रेषेच्या आत आले. घर बांधायचे, जमीन विकायची, उद्योग काढायचा, प्रत्येक गोष्टीला अभयारण्य आडवे येऊ लागले. लोकांच्या मनात पक्ष्याविषयी राग साठला, खरे तर पूर्वी या माणसांना त्या पक्ष्याशी काही वैर नव्हते. पुढे क्षेत्र घटवून ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले. तोवर पक्षी जवळजवळ नाहीसा झाला होता. दूरच्या कार्यालयात बसून, गावाला न विचारता, मोठ्यात मोठी रेषा ओढली की रेषेच्या आतला माणूसही दुखावतो आणि ज्याच्यासाठी रेषा ओढली तोही वाचत नाही. ज्या माळाला सरकारी कागद ‘पडीक’ म्हणतात, तो माळ मेंढपाळाचे कुरण असतो, लांडग्याचे आणि काळविटाचे घर असतो, पावसाचे पाणी मुरवणारी भूमी असतो. बोरामणीच्या जमिनीचा विचार करताना ‘रिकामी जागा’ असा शब्दप्रयोग फार जपून केला पाहिजे.

रिकाम्या झालेल्या जागांचे काय होते, हे सोलापूरने एकदा अनुभवले आहे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या नावांनी शहर ओळखले जाई. भोंग्यावर वेळ ठरे. गिरण्या बंद झाल्या आणि शहराच्या मध्यभागी कित्येक एकर जमिनी मोकळ्या झाल्या. कामगारांची देणी, वारसांचे वाद, न्यायालये, मग हळूहळू इमारती. एवढ्या जमिनीतून शहरासाठी मोठे उद्यान, कामगारांच्या मुलांसाठी शिक्षणसंकुल, विणकरांसाठी बाजार असा एकत्रित विचार होऊ शकला असता. तो झाला नाही, कारण तो विचार करण्याची वेळ गिरणी चालू असतानाची होती. मुंबईत तसा विचार कागदावर तरी झाला होता. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे कल्पिले : मोकळी जागा, परवडणारी घरे आणि मालक. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्यांपुरती राहिली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. गिरणगावात आज उभे असलेले मनोरे आणि नसलेली मैदाने हे त्या एका दुरुस्तीचे फळ आहे. शहराचे भविष्य अनेकदा अशा ओळींत ठरते. त्यांची जाहीर सूचना वृत्तपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापून येते आणि हरकती-सूचनांची महिन्याभराची मुदत कोणाच्या लक्षात येण्याआधी संपते.

वेळेवर जागे झालेल्या शहराचे उदाहरणही आहे. बर्लिनचे टेम्पेलहोफ विमानतळ ऑक्टोबर 2008 मध्ये बंद झाले. शहराच्या मधोमध सुमारे 300 हेक्टर मोकळी जमीन उरली. 2010 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, धावपट्टीवर मुले सायकली चालवू लागली. शासनाने कडेने काही हजार घरे आणि एक ग्रंथालय बांधण्याची योजना आणली. नागरिकांनी सह्या गोळा केल्या आणि 25 मे 2014 रोजी सार्वमत झाले. बहुमताने ठरले की या मैदानावर बांधकाम नको. त्या निर्णयावर आजही वाद आहे, कारण बर्लिनमध्ये घरांची टंचाई आहे आणि ज्याला घर नाही त्याला मोकळ्या मैदानाचे सौंदर्य सांगणे सोपे नाही. मला त्या निर्णयापेक्षा त्याची रीत मोलाची वाटते. घर हवे असलेल्याचे आणि मोकळा श्वास हवा असलेल्याचे म्हणणे एकाच मतपेटीत पडले, आणि हरलेल्यालाही कळले की आपल्याला विचारले होते.

विचारल्याशिवाय जे केले जाते त्याची किंमत महाराष्ट्राने रक्ताने मोजली आहे. नवी मुंबईच्या जमिनींसाठी जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. विकसित जमिनीत साडेबारा टक्क्यांचा वाटा भूमिपुत्रांना मिळाला तो त्या लढ्यातून. पुढे तिथल्या विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांना साडेबावीस टक्क्यांची योजना आली. पुरंदरच्या सात गावांत प्रस्तावित विमानतळावरून अजूनही अस्वस्थता आहे. या सगळ्यांतून एकच शिकवण मिळते. जमीन देणाऱ्याला विकासाचा भागीदार मानायचे असेल तर ते पहिल्या दिवशी मानावे, आंदोलनानंतर नव्हे.

म्हणून सोलापूरसाठी काही मागण्या मनापासून मांडाव्याशा वाटतात. होटगी रस्त्याच्या विमानतळाची जमीन आणि बोरामणीची जमीन, या दोन्हींच्या भविष्याचा एकत्र विचार व्हावा आणि तो विकास आराखड्यात उघड लिहिला जावा. उद्या बोरामणीला विमानतळ झाले तर शहरालगतची धावपट्टी कोणासाठी मोकळी होईल, हे आजच ठरावे. त्या वेळी तिच्या किमतीवर अनेकांच्या नजरा असतील आणि शांतपणे विचार करणे कठीण होईल. बोरामणीला विमानतळ होणार नसेल तर मूळ शेतकऱ्यांना आधी विचारावे : जमीन परत हवी का, सामाईक कुरण हवे का, की वाट्यासह एखादा प्रकल्प हवा. वनजमीन आणि लगतचा माळ यांना हात लावण्याआधी अभ्यासकांबरोबर मेंढपाळांचेही ऐकावे. उंचीच्या मर्यादेचा नकाशा मराठीत, प्रत्येक विभागीय कार्यालयात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. चिमणीच्या वादात ज्यांचे नुकसान झाले त्या ऊसउत्पादकांच्या अडचणी हा शहराच्या विकासखर्चाचाच भाग समजावा. यातली कोणतीही गोष्ट विमान थांबवत नाही. उलट तिच्यामुळे विमान लोकांचे होते.

हे सोलापूरला अपरिचितही नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदून घेतला आणि गावाभोवती पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अशी इथली श्रद्धा आहे. दरवर्षी संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज त्या लिंगांना तैलाभिषेकासाठी प्रदक्षिणा घालतात. वेगवेगळ्या समाजांकडे त्यांचे मान आहेत. शहर कितीही वाढले, रस्ते बदलले, तारा लोंबल्या, तरी ती वाट राखली जाते, कारण तिच्यावर सगळ्यांचा हक्क आहे हे सगळ्यांना माहीत आहे. नगररचनाशास्त्र ज्याला सार्वजनिक जागेचे संरक्षण म्हणते, ते हे शहर शतकानुशतके कायद्याच्या कलमावाचून करत आले आहे. ज्या गावाला आपली वाट एवढी राखता येते, त्याला आपले आकाश आणि आपला माळही राखता येईल.

त्यासाठी आपल्यापैकी प्रत्येकाला थोडे कष्ट घ्यावे लागतील. जाहीर सूचना वाचावी लागेल, आराखड्याचा नकाशा मागावा लागेल, हरकत लेखी द्यावी लागेल, सुनावणीला जाऊन बसावे लागेल. हे काम नीरस आहे. त्यात घोषणा नाहीत आणि हारतुरे नाहीत. पण जमिनीचा उद्याचा दिवस ठरतो तो याच खोल्यांमध्ये. विमान चालू झाल्याचा आनंद आपण केला, तो करायलाच हवा होता. आता त्या विमानाच्या भोवतीच्या जमिनीविषयी बोलण्याची वेळ आहे, आणि ती अजून गेलेली नाही. चिमणीच्या वेळी आपण उशिरा बोललो. बोरामणीच्या वेळी वेळेवर बोलू या.